घरी आखलेला रूट एक आणि रस्त्यावर निघतो भलताच – सातारच्या सायकलवाल्यांसाठी नेव्हिगेशनचा घोळ कसा निस्तरायचा

पावसाळा संपल्यावर आमच्या ग्रुपची महाबळेश्वर राइड ठरली, आठ जण होतो, रस्ता ठरलेला होता मोळाचा ओढा, कण्हेर, मेढा आणि मग केळघर घाटाने वर. आदल्या रात्री ग्रुपवर एकाने नकाशाची लिंक टाकली, सगळ्यांनी अंगठा टाकला, झालं. पहाटे ज्याने त्याने आपापल्या घरनं निघायचं आणि मेढ्यात चहाला भेटायचं असं ठरलं. मेढ्यात सहा जण पोचलो आणि दोघांचा पत्ताच नाही. फोन लावला तर ते पाचवडच्या पुढं, हायवे धरून वाईकडं चाललेले, म्हणजे पसरणी घाटाच्या वाटेला. दोघांनीही तीच लिंक उघडली होती, स्टार्ट दाबलं होतं आणि ॲपमधली बाई सांगेल तसं वळत गेले होते. त्यातले एक काका साठीच्या पुढचे आहेत, त्यांना अंधारात ट्रकच्या शेजारनं आणेवाडी टोलनाक्यापर्यंत आणि त्याच्याही पुढं चालवावं लागलं. त्या दिवशी मला चहा गोड लागला नाही.

हे एकदाच झालं असतं तर सोडून दिलं असतं. पण दर दोन-तीन राइडमागं कुणीतरी असा वेगळ्याच रस्त्याला लागतोच, आणि दर वेळी आपण म्हणतो नेटवर्क नव्हतं, जीपीएस गंडलं. म्हणून मी बसून एकेक प्रकार तपासला, आमच्याच जुन्या राइडच्या फाइली उघडून बघितल्या. जीपीएस बहुतेक वेळा बरोबरच होतं. उघड्या आकाशाखाली साधा फोनसुद्धा पाच-एक मीटरच्या आत जागा दाखवतो. घोळ दुसरीकडं आहे.

पहिला आणि सगळ्यात मोठा घोळ म्हणजे ती लिंक. आपल्याला वाटतं लिंकमध्ये रस्ता आहे, पण तिच्यात असतो पत्ता. महाबळेश्वर एवढंच तिला माहीत असतं. ती तुमच्या फोनवर उघडली की ॲप तुम्ही जिथं उभे आहात तिथनं, त्या वेळच्या ट्रॅफिकप्रमाणं, सगळ्यात लवकर पोचवणारा रस्ता नव्यानं काढतं. जो पोवई नाक्याजवळ राहतो त्याला मेढा निघेल, जो हायवेच्या कडेला राहतो त्याला हायवे निघेल, आणि दोन्ही उत्तरं मोटरगाडीच्या हिशोबानं बरोबरच आहेत. कॉम्प्युटरवर रेघ ओढून ओढून मेढ्यावरनं नेली असली तरी ती ओढाताण दुसऱ्याच्या फोनपर्यंत पोचेल याची खात्री नाही. मधले थांबे टाकले तर जरा बरं पडतं, पण दोन थांब्यांच्या मधे ॲप परत स्वतःचं डोकं चालवतंच.

त्यात गूगल मॅप्समधला तो दुचाकीचा मोड. भारतात तो डिसेंबर २०१७ मध्ये आला आणि त्याचं चित्र बघून बऱ्याच नव्या लोकांना वाटतं हा आपल्यासाठी आहे, पण तो स्कूटर-मोटरसायकलचा आहे, त्याला चढाचं काही घेणं-देणं नाही. आणि ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवला तरी त्यात फक्त गाडीचा रस्ता मिळतो, सायकलचा किंवा पायी चालण्याचा मिळत नाही. गूगल मॅप्स वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, पंक्चरचं दुकान शोधायला, हॉटेल उघडं आहे का बघायला, सॅटेलाइट फोटो बघायला मी रोज वापरतो. पण ठरलेल्या रस्त्यानंच जायचंय, तर ते त्याचं काम नाही.

मग करायचं काय, तर पत्ता पाठवायचा नाही, रेघ पाठवायची. रेघ म्हणजे जीपीएक्स फाइल. तिच्यात अक्षांश-रेखांशांचे शेकडो ठिपके एका माळेत ओवलेले असतात आणि ती माळ कुणाच्याही फोनवर उघडली तरी जागची हलत नाही. हे एवढं एक केलं तरी आमच्या ग्रुपमधले निम्म्याच्या वर घोळ थांबले. फाइल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायची, आणि समोरच्याला टॅप करून उघडत नसेल, काही फोनवर ‘ही फाइल उघडणारं ॲप नाही’ असं येतं, तर आधी फोनमध्ये सेव्ह करायची आणि नकाशाच्या ॲपमध्ये जाऊन तिथनं इम्पोर्ट करायची.

ही रेघ काढायची कशात? मी सध्या बीराउटर वापरतो, ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे, लॉगिनसुद्धा लागत नाही, आणि त्यात ‘या भागातून जायचंच नाही’ असा गोल काढता येतो, हायवेच्या एखाद्या तुकड्यावर तो गोल टाकला की रस्ता आपोआप आतल्या गावांतनं वळतो. साताऱ्याहून लिंबला बारा मोटेची विहीर बघायला जायचं तर मी असंच करतो. राइड विथ जीपीएससुद्धा चांगलं आहे, त्याच्या वेबसाइटवर आखणी छान होते, मात्र आवाजी सूचना पाहिजे तर पैसे भरावे लागतात. स्ट्राव्हा म्हणजे राइड नोंदवायचं ॲप, त्याचं रूट आखायचं साधन पैसे भरणाऱ्यांसाठी आहे. कोमूट दिसायला सगळ्यात सुंदर, पण आपल्याकडं अजून त्यावर माहिती टाकणारे कमी, त्यामुळं त्याचे आयते सुचवलेले रूट मी घेत नाही.

एक गोष्ट लक्षात घ्या, ही चारही साधनं रस्त्यांसाठी मुळात एकाच नकाशावर उभी आहेत, ओपनस्ट्रीटमॅप. २००४ साली सुरू झालेला, लोकांनी लोकांसाठी काढलेला नकाशा. म्हणजे एखादा रस्ता तिथं चुकीचा असेल तर तो चारही ठिकाणी चुकीचाच येणार, एका ॲपवर शंका आली म्हणून दुसऱ्यात तपासून काही उपयोग नाही. हे मला उशिरा कळलं आणि त्याची किंमत रहिमतपूरच्या बाजूला मोजली.

झालं असं की कोरेगावकडनं आतल्या आतनं रहिमतपूरला जायचा एक मस्त गावागावांतला रूट काढला होता, नकाशावर पांढरी रेघ, नीट रस्ता वाटावा अशी. प्रत्यक्षात डांबर संपलं, मग खडी संपली, मग दोन्ही बाजूला ऊस आणि मधे ट्रॅक्टरच्या चाकाच्या दोन चाकोऱ्या. पाणंद होती ती. आदल्या रात्री पाऊस झालेला, काळी माती टायरला अशी चिकटली की चाक फिरायचं बंद झालं, सायकल उचलून चालावं लागलं. बांधावर एक आजोबा बसलेले, ते म्हणाले, “फुडं कुठं निघालाय पोरांनो, वाट न्हाई फुडं, माझंच रान हाय.” मग त्यांनीच सायकली धुवायला मोटर चालू करून पाणी दिलं आणि पोरगा बरोबर पाठवून डांबरी रस्त्याला लावून दिलं.

तेव्हापासून अनोळखी तुकडा असला की मी रेघ काढल्यावर तिच्यावर सॅटेलाइट फोटो टाकून बोटानं पुढं पुढं सरकत जातो. डांबर काळपट, एकसारखं आणि कडा धरून दिसतं, पाणंद तांबूस-मातकट दिसते आणि मधे गवताची पट्टी असते. थोडी सवय लागते, पण दहा मिनिटांत चाळीस किलोमीटर बघून होतात. दुसरा आधार म्हणजे स्ट्राव्हाचा हीटमॅप, जिथनं लोक गेलेत तिथं रेघ उजळते. इथं एक फसगत आहे. यवतेश्वरचा रस्ता बघितला तर झळाळून निघतो, कारण तिथं सायकलवाल्यांइतकेच पळणारे आहेत, सातारा हिल मॅरेथॉनमुळं तर वर्षभर तिथं सराव चालू असतो. आणि गडांच्या पायवाटासुद्धा ट्रेकर लोकांमुळं उजळतात. म्हणून हीटमॅपमध्ये सायकलिंग एवढंच निवडून बघा, नाहीतर अजिंक्यताऱ्याची पायवाट तुम्हाला सायकलचा रस्ता वाटेल.

धरणाच्या काठाला विशेष जपायचं. कास उतरून बामणोलीला गेलात की पुढं शिवसागर आहे, कोयनेचं पाणी, आणि तापोळ्याला माणसं लाँचने जातात. आखणी करताना बामणोलीनंतर पुढचा ठिपका पलीकडच्या काठावर टाकला तर ॲप एकतर लांबचा वळसा घालून आणेल, किंवा रस्ता सापडला नाही तर दोन ठिपके सरळ रेघेनं जोडून टाकेल, पाण्यावरनं. छोट्या स्क्रीनवर ते पटकन दिसत नाही, एकूण अंतर मात्र कमी दिसतं आणि आपण खूश होतो. अंतर अपेक्षेपेक्षा फारच कमी आलं की झूम करून सरळ रेघा शोधा.

आणि चुकीचा रस्ता सापडला तर कृपा करून तसाच सोडू नका. ओपनस्ट्रीटमॅपवर खातं काढायला पाच मिनिटं लागतात, साधी नोट टाकली, ‘इथं पाणंद आहे, पावसाळ्यात बंद’, तरी कुणीतरी दुरुस्त करतं. अँड्रॉइडवर स्ट्रीटकम्प्लीट नावाचं ॲप आहे, ते तुम्ही उभे असाल त्या रस्त्याबद्दल प्रश्न विचारतं, डांबरी आहे का, खडीचा आहे का, आणि तुमचं उत्तर थेट नकाशात जातं. त्या पाणंदीची नोंद मी घरी येऊन लगेच बदलली. आपला तालुका आपणच नीट नोंदवला नाही तर बाहेरचं कोण येऊन नोंदवणार.

आता समजा रेघ चांगली काढली, फाइल सगळ्यांकडं पोचली, तरी राइडमध्ये घोळ होतातच, आणि ते वेगळ्या प्रकारचे. सगळ्यात जास्त येणारी तक्रार – ‘ट्रॅक, म्हणजे ती रेघ, लावला होता तरी मधेच दुसरीकडं वळ म्हणालं’. याचं कारण रिकॅल्क्युलेशन. तुम्ही चहाला रस्ता सोडून पन्नास मीटर आत गेलात की ॲप किंवा सायकल कॉम्प्युटर, म्हणजे हँडलवर लावायचं रस्ता दाखवणारं छोटं यंत्र, समजतो तुम्ही चुकलात, आणि तुम्हाला शेवटच्या ठिकाणी नेणारा नवा रस्ता स्वतःच्या अकलेनं काढतो. गार्मिन कंपनीच्या एज या सायकल कॉम्प्युटरमध्ये रूटिंगच्या सेटिंगमध्ये ऑफ कोर्स रिकॅल्क्युलेशन असतं, ते बंद करून टाका, मग तो फक्त ‘रेघ सोडली’ एवढंच सांगतो आणि रेघेवर परत यायचं काम तुमचं. बाकीच्या कंपन्यांच्या यंत्रांतही असं काहीतरी सेटिंग असतंच. ओस्मँड या फोनवरच्या नकाशाच्या ॲपमध्ये नेव्हिगेशन चालू करताना ‘फॉलो ट्रॅक’ निवडायचं, नुसतं शेवटचं गाव टाकायचं नाही. सुरुवातीला यंत्र विचारतं, ‘सुरुवातीच्या ठिकाणी नेऊ का?’, तिथं नाही म्हणा.

दुसरा घोळ गेलेल्याच रस्त्यानं परत येण्याचा. आपल्या निम्म्या राइड अशाच असतात, सज्जनगड जाऊन परत, ठोसेघर जाऊन परत, कास जाऊन परत. जायची आणि यायची रेघ एकावर एक बसते, आणि यंत्राला कळत नाही तुम्ही कुठल्या रेघेवर आहात. समर्थ मंदिर सोडून यवतेश्वरचा घाट चढायला लागता न लागता ते म्हणतं, आलं ठिकाण, राइड संपली. किंवा उरलेलं अंतर एकदम चाळीस किलोमीटरनं घटतं. यावर सेटिंग शोधत मी दोन आठवडे घालवले आणि शेवटी सोपा उपाय निघाला, दोन फाइली करायच्या. एकीचं नाव ‘कास जाताना’, दुसरीचं ‘कास येताना’. वर पोचून फोटो-बिटो झाले की दुसरी लावायची. आठच्या आकड्यासारखे रूट असतील, म्हणजे मधे एकाच चौकातनं दोनदा जायचं असेल, तर त्या चौकात तोडायचं. काही जणांना हा खटाटोप वाटतो, पण त्यानंतर एकदाही तक्रार आलेली नाही.

वळणाच्या सूचना येत नाहीत ही तिसरी तक्रार. साध्या जीपीएक्स ट्रॅकमध्ये फक्त ठिपके असतात, ‘डावीकडं वळा’ हे वाक्य त्यात नसतं, काही ॲप ठिपक्यांवरनं अंदाज बांधून सांगतात आणि काही गप्प बसतात. सूचना पाहिजेच असतील तर तीच राइड टीसीएक्स किंवा फिट या वळणाच्या सूचना बरोबर नेणाऱ्या प्रकारच्या फाइलमध्ये काढा. घाटात याची मला गरज वाटत नाही, बोगदा ओलांडून ठोसेघरच्या रस्त्याला लागलं की फाटे मोजकेच आहेत, रेघ बघितली तरी पुरे. शहरात, पेठांमधनं बाहेर पडेपर्यंत सूचना कामाला येतात.

चढाईच्या आकड्यांवरनं तर ग्रुपमध्ये भांडणं होतात, एकाचं ॲप म्हणतं एवढं, दुसऱ्याचं त्याच्या दीडपट. दोघं खोटं बोलत नाहीत. बरीचशी साधनं उंचीसाठी जो डेटा वापरतात तो फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या एंडेव्हर या अवकाशयानातनं अकरा दिवस रडार फिरवून गोळा केलेला आहे, आणि त्यात जमिनीचे साधारण तीस-तीस मीटरचे चौकोन आहेत. सपाटीला, कृष्णेच्या काठाला, हे चालून जातं. पण घाटातला रस्ता डोंगराच्या पोटाला चिकटून जातो, रेघ वीस मीटर बाजूला सरकली की ती शेजारच्या चौकोनात पडते, आणि तो चौकोन दहा-पंधरा मीटर वर किंवा दरीच्या बाजूला खाली असतो. असे शेकडो खोटे चढ-उतार एकत्र झाले की एकूण चढाई फुगते, मग कुठलं ॲप ते किती गुळगुळीत करतं त्यावर आकडा ठरतो. बॅरोमीटर असलेला सायकल कॉम्प्युटर हवेच्या दाबावरनं उंची मोजतो, तो जास्त भरवशाचा, फक्त हवामान अचानक बदललं तर तोही सरकतो. म्हणून मी एकूण आकड्यावर जात नाही. सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा बिंदू बघतो, महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर आहे हे माहीत असलं की उरलेलं गणित सोपं, आणि घाटाचा तुकडा वेगळा काढून किलोमीटरमागं किती मीटर चढ ते बघतो. किलोमीटरला साठ मीटर म्हणजे सहा टक्के, पायाला काय जाणवणार ते यावरनं कळतं.

आता फोनच्या भानगडी, जरा भराभर सांगतो. रेकॉर्डिंगमध्ये मधेच सरळ रेघ येते, माझ्या एका राइडला सज्जनगड फाट्यापासून ठोसेघरपर्यंत पक्ष्यासारखा उडत गेल्याची रेघ आली होती. हे बॅटरी वाचवायच्या सेटिंगमुळं होतं, स्क्रीन बंद झाली की फोन ॲपला मागच्या मागं झोपवतो. सेटिंगमध्ये त्या ॲपच्या बॅटरीच्या पानावर जाऊन ‘अनिर्बंध’ किंवा तशा अर्थाचा पर्याय निवडा, आणि राइडच्या आदल्या दिवशी परत तपासा, कारण फोन अपडेट झाला की कधी कधी ते सेटिंग मूळपदावर जातं. रेंज नसली तरी जीपीएस चालतं, फोन उपग्रहांचे सिग्नल नुसते ऐकतो, त्याला टॉवर लागत नाही. टॉवरचा उपयोग पहिल्यांदा जागा पटकन सापडायला होतो, म्हणून घरच्या अंगणातच लोकेशन पकडू द्या आणि मग निघा. महाराष्ट्राचा नकाशा ओस्मँडमध्ये किंवा ऑरगॅनिक मॅप्समध्ये वायफायवर आधीच उतरवून ठेवा, कासच्या पुढं बामणोलीकडं उतरताना रेंजचा भरवसा धरू नका. पावसात ओल्या स्क्रीनला थेंबच बोट वाटतात आणि नकाशा स्वतःच उड्या मारतो, तेव्हा स्क्रीन लॉक करून एका कानात आवाज ठेवा, दुसरा कान गाड्यांसाठी मोकळा. स्क्रीन सतत चालू ठेवली तर दुपारपर्यंत बॅटरी संपते, पॉवरबँक असूनसुद्धा, कारण उन्हात फोन तापला की चार्जिंगच थांबतं.

नवीन माणूस विचारतो, सायकल कॉम्प्युटर घेऊ का. माझं मत, पहिले सहा महिने घेऊ नका. फोन आणि ओस्मँड पुरेसं आहे, त्यातच तुम्हाला कळेल की तुम्हाला नकाशा बघायची सवय आहे का आवाज ऐकायची. शंभर किलोमीटरच्या वर नियमित जायला लागलात, पावसातही जायला लागलात, तर मग घ्या, आणि घेताना नकाशावाला घ्या. नुसती रेघ दाखवणारे स्वस्त येतात, ओळखीच्या रस्त्यावर ते चालतात, पण अनोळखी गावात तीन फाटे फुटले की काळ्या पडद्यावरची एकटी रेघ बघून कळत नाही कुठला फाटा आपला.

फुलांच्या हंगामात कास पठाराकडं वाहतूक वळवतात, तेव्हा कुठलीच फाइल उपयोगाची नाही, पोलीस सांगतील तिकडनं जायचं. आणि ऊसतोडीच्या दिवसांत संध्याकाळी परतीचा रस्ता कारखान्याच्या वाटेवरनं काढू नका, ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो आणि हे कुठल्याही नकाशात येत नाही.

काकांसाठी आता आम्ही आणखी एक गोष्ट करतो. फाइल त्यांच्या फोनमध्ये घालून देतोच, पण सायकलच्या दांडीवर एक कागदाची पट्टी चिकटवतो, वर पारदर्शक टेप, त्यावर ओळीनं गावं आणि घरापासूनचे किलोमीटर, मोळाचा ओढा, कण्हेर, मेढा, केळघर. फोन बंद पडला तर पुढचं गाव कुठलं हे त्यांना माहीत असतं, आणि टपरीवर थांबून विचारता येतं. गेल्या वेळी मेढ्यात ते आमच्या आधी पोचले होते, चहा सांगून बसलेले.